श्रीलंकेत 'याला' उद्यानाच्या नावाखाली झालेली फसवणूक

गणपती उठले आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी, बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी असे तिघं श्रीलंकेला गेलो. काही वर्षं झाली या गोष्टीला. ओळखीतलं कुणी श्रीलंकेला निघालं की मी हे सांगतोच, आता सगळ्यांसाठी लिहून ठेवतो.

मुलीला बिबट्या बघायचा होता. श्रीलंकेत वाघ नाही, सिंह नाही, त्यामुळे जंगलात बिबट्याच सगळ्यांत वरचा शिकारी. दक्षिणेकडच्या याला राष्ट्रीय उद्यानात, त्यातही त्याच्या ब्लॉक १ या भागात, तो दिसण्याची शक्यता जगातल्या फार थोड्या जंगलांत असेल इतकी मोठी. मुलीने हे सगळं वाचून ठेवलं होतं. एकच गोष्ट आम्ही तिघांनीही वाचली नव्हती. सप्टेंबर म्हणजे तिथला कोरडा काळ. पाणवठे आटतात, म्हणून बहुतेक वर्षी सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ब्लॉक १ बंद ठेवतात.

आमच्या ड्रायव्हरला हे माहीत नसणं शक्यच नव्हतं.

आठ दिवसांसाठी गाडीसकट ठरवलेला माणूस होता. बोलायला गोड, वाटेत शहाळी पाजणारा, हिला 'अक्का' म्हणणारा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "तिकिटांच्या रांगेत तुम्ही कशाला उन्हात उभं राहता, पैसे आणि पासपोर्ट माझ्याकडे द्या." आम्हाला ती सोय वाटली. सिगिरियाला परदेशी माणसाचं तिकीट तेव्हा 30 डॉलर होतं. तिघांचे 90 डॉलर त्याच्या हातात ठेवले आणि बाराशे पायऱ्या चढायच्या तयारीला लागलो. पाचव्या शतकातल्या कश्यप राजाने त्या प्रचंड कातळावर महाल बांधला. वाटेत कपारीत अप्सरांची चित्रं आहेत, ती बघताना अजिंठ्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. त्या आनंदात तिकिटावर काय छापलंय हे कोण बघतो? हिने ती तिकिटं पर्समध्ये टाकली.

यालासाठी त्याने 'ओळखीची' जीप ठरवली. जीप, प्रवेश, प्राण्यांचा माग काढणारा ट्रॅकर सगळं मिळून 165 डॉलर, आदल्या रात्री रोख. पहाटे साडेचारला जीप आली. अंधारात तासभर गेलो, एका चौकीपाशी थांबलो. जीपवाला कागद घेऊन उतरला, पाच मिनिटांनी परत आला आणि म्हणाला, "तिकीट झालं." पाटी सिंहलीत होती. आम्ही विश्वास ठेवला.

उजाडल्यावर जीप डांबरी रस्त्यानेच चालली होती. मुलीने विचारलं, जंगलात डांबरी रस्ता कसा? तो म्हणाला, हे यालाच आहे, आत वळायचंय अजून. तेवढ्यात हत्ती दिसला आणि आम्ही प्रश्न विसरलो. रस्त्याच्या मधोमध उभा, एकटा नर. जीपवाल्याने सीटखालून केळ्यांचा घड काढून माझ्या हातात दिला. हत्तीने सोंड सरळ जीपच्या आत घातली. सोंडेच्या टोकाचं ते ओलसर बोट माझ्या मनगटाला लागलं, गरम श्वास हातावर आला, घड गेला. मुलगी हसत होती, फोटो काढत होती. समोरून बस आली, तिच्या खिडकीतूनही काहीतरी फेकलं गेलं आणि हत्ती तिच्याकडे वळला.

तो फोटो आमच्या घरात आता कुणी उघडत नाही. तो बुत्तलाहून कतरगामाला जाणारा सार्वजनिक रस्ता होता. उद्यानाच्या कडेने जातो. तिथले हत्ती गाड्या अडवून खायला मागायला शिकलेत. माणसाने लावलेली ही सवय हत्तीच्याच जिवावर उठते. माणूस आणि हत्तीच्या संघर्षात त्या छोट्याशा देशात अलीकडे दरवर्षी तीनशेहून जास्त हत्ती मरतात. पैसे गेल्यापेक्षा मला हे जास्त लागलं, की तो घड मी माझ्या हाताने दिला होता.

नऊ वाजता 'आज बिबट्याचं नशीब नाही' म्हणून परत आणून सोडलं.

संध्याकाळी कतरगामाच्या कार्तिकस्वामीच्या देवळात गेलो. आपल्याकडे कार्तिकस्वामी ब्रह्मचारी, बायकांनी दर्शन घ्यायचं ते कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्र असेल तेव्हाच. तिथे त्याचं वल्लीशी लग्न झालेलं आहे, आणि फळांची ताटं डोक्यावर घेतलेल्या बायकाच रांगेत पुढे. लोक नारळावर कापूर पेटवून तो फोडत होते. परतल्यावर लॉजच्या मालकीणबाईंनी सहज विचारलं, सकाळी कुठे गेला होता? 'याला' म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. "ब्लॉक १ चं पालातुपानाचं गेट तर बंद आहे या महिन्यात. तिकीट दाखवा." आमच्याकडे तिकीट नव्हतंच.

तेव्हा हिला पर्समधली सिगिरियाची तिकिटं आठवली. बाहेर काढली. प्रत्येकावर सार्क देशांचा दर, 15 डॉलर. भारतीय पासपोर्ट दाखवला की ही सवलत मिळते, म्हणूनच ड्रायव्हरला आमचे पासपोर्ट हवे होते. 45 डॉलर खिडकीत भरले, 45 खिशात. दांबुल्ला, पोलोन्नरुवा, सगळीकडे त्यानेच तिकिटं काढली होती. ती तिकिटं आम्ही जपून ठेवली नव्हती.

त्याला विचारलं तर सगळं जीपवाल्यावर ढकललं, आणि जीपवाल्याचा फोन बंद. मालकीणबाईंनी 1912 हा पर्यटन खात्याचा क्रमांक लावून दिला, तक्रार नोंदवली. चालक-गाइडला त्या खात्याचा परवाना लागतो, ओळखपत्र असतं, हेही तेव्हाच कळलं. आमच्या माणसाकडे ते नव्हतं. तक्रारीचं नाव निघताच सिगिरियाचे 45 डॉलर त्याने परत दिले. जीपचे 165 आजतागायत मिळालेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्याला सोडून मालकीणबाईंच्या भाच्याच्या गाडीने उदावलावेला गेलो. हे उद्यान सप्टेंबरातही उघडं असतं. खिडकीपाशी मी स्वतः उभा राहिलो, पासपोर्ट माझ्या हातात. पावती मिळाली ती आम्ही तिघांनी तिथेच उभं राहून वाचली. माणशी प्रवेश वेगळा, सेवा शुल्क वेगळं, गाडीचं वेगळं, कर वेगळा, खाली तारीख आणि शिक्का. मुलीने तिचा फोटो काढला. आत हत्तींचे कळप होते, दूर पाण्याच्या काठाला, पिल्लांना मध्ये घेऊन. एकही जीपजवळ आला नाही.