निवृत्तीनंतर घराचा विमा: सोसायटीच्या पॉलिसीवर भागवायचं, ‘भारत गृह रक्षा’ घ्यायची की पॅकेज?

ग्रॅच्युइटीच्या पैशातून गृहकर्ज फेडलं की बँकेकडून घराची मूळ कागदपत्रं परत येतात. कर्ज घेताना बँकेने करून घेतलेल्या घराच्या विम्याचा कागदही कुठल्यातरी फायलीत पडलेला असतो. नवीन काही घेण्याआधी तो शोधा. दोन गोष्टी बघायच्या. तो खरंच घराचा विमा आहे का? कर्जदार गेला तर कर्ज फिटावं म्हणून घेतलेला आयुर्विमाच अनेकांना घराचा विमा वाटत असतो. आणि मुदत कधी संपते? एकरकमी हप्ता भरून घेतलेली पॉलिसी, कर्ज लवकर फेडलं तरी, अजून चालू असू शकते. तसं असेल तर कंपनीला पत्र देऊन तिच्यावरचं बँकेचं नाव काढून घ्या आणि नव्या पॉलिसीचे पैसे वाचवा.

विमा संपलाच असेल किंवा कधी नव्हताच, तर पुढे वाचा. मेडिक्लेमच्या हप्त्याने पोळलेल्यांसाठी एक दिलासा आधीच सांगतो: इथे तुमचं वय, बीपी, शुगर कोणी विचारत नाही. हप्ता ठरतो तो बांधकाम, ठिकाण आणि विम्याची रक्कम यांवर. मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, तशी सवलत घराच्या विम्याला मिळालेली नाही. १८ टक्के भरावेच लागतात.

सोसायटीची पॉलिसी

इमारतीचा आग आणि भूकंपासाठी विमा उतरवणं हे महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीचं काम आहे. त्याचा खर्च मेंटेनन्समधून जातो, म्हणजे तुम्ही पैसे आधीच भरताय. तेव्हा सेक्रेटरींकडे पॉलिसीची प्रत मागा. कुरकुर झाली तरी मागा, सभासद म्हणून तुमचा तो हक्क आहे.

प्रत हातात आली की मुदत चालू आहे का, हे पहिलं बघा. मग रक्कम. दहा-बारा वर्षांपूर्वीचाच आकडा दरवर्षी पुढे ढकलला जातोय, असं पुष्कळ ठिकाणी दिसतं. तिसरं म्हणजे पूर आणि वादळ. जुन्या पद्धतीच्या अग्निविम्यात हप्ता कमी व्हावा म्हणून पूर-वादळाचा भाग वगळता येत असे आणि भूकंप वेगळा जोडावा लागे. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला जो पूर आला, त्यात नुसत्या आग-भूकंपाच्या पॉलिसीचा उपयोग शून्य.

सगळं चोख असलं तरी ही पॉलिसी इमारतीची आहे. तुमचं कपाट, फ्रिज, टीव्ही, पलंग तिच्यात नाहीत आणि भरपाईचा चेक येतो सोसायटीच्या नावावर. पण सोसायटीचा विमा खरोखर चांगला असेल तर तुम्ही फक्त घरातल्या सामानाचा विमा घेऊन भागवू शकता. त्याच भिंतींचा दोनदा विमा काढला म्हणून भरपाई दोनदा मिळत नाही.

भारत गृह रक्षा

विमा कंपन्यांची नियामक संस्था आयआरडीएआयने ठरवून दिलेली ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. आगीचा विमा देणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती विकावीच लागते. सरकारी न्यू इंडिया कंपनीची घ्या नाहीतर खासगी कंपनीची, मूळ मजकूर तोच. त्यामुळे ‘आमची पॉलिसी वेगळी आहे’ असं एजंट म्हणाला तर तो जोडलेल्या जास्तीच्या कलमांबद्दल बोलतोय, असं समजा. तुलना करायची ती हप्त्याची आणि जवळच्या शाखेत दावा कोण हाताळतं याची.

आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणं हे सगळं मूळ पॉलिसीतच येतं. घर राहण्यायोग्य उरलं नाही तर दुसरीकडे राहण्याचं भाडंही मिळतं. इमारतीचा विमा घेतलात की त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, सामानासाठी आपोआप धरले जातात. यादी द्यावी लागत नाही.

आता रक्कम. हप्ता कमी-जास्त होतो तो मुख्यतः इथे. समजा कोथरूडमध्ये ७०० चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट आहे आणि बाजारभाव सव्वा कोटी. विमा सव्वा कोटीचा काढायचा नाही. त्यात जमिनीची किंमत आली, आणि जमीन जळत नाही. कार्पेट क्षेत्र गुणिले आजचा बांधकाम खर्च, एवढंच सूत्र आहे. खर्च फुटाला २५०० रुपये धरला तर ७०० × २५०० म्हणजे साडेसतरा लाख. सामानाचे साडेतीन लाख आपोआप. अशा घराचा वर्षाचा हप्ता साधारणपणे हजार-दोन हजारांत बसतो. सव्वा कोटीचा आकडा लिहून कोणी हप्ता सांगत असेल तर तिथेच थांबवा.

या पॉलिसीची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हप्त्याच्या पावतीवर दिसत नाही. जुन्या पॉलिसीत वीस लाखांच्या घराचा दहा लाखांचाच विमा असेल, तर दोन लाखांच्या नुकसानीला एकच लाख हातावर ठेवत. गृह रक्षेत ही कात्री नाही. रक्कम थोडी कमी लिहिली गेली म्हणून लहान दाव्यातून कापून घेत नाहीत.

आणि जे मिळत नाही तेही नीट ऐका. वरच्या मजल्यावरचा नळ फुटून तुमच्या हॉलचं छत आणि टीव्ही भिजला, तर दावा बसतो. गच्चीतून दर पावसाळ्यात झिरपणारी गळती, भिंतीला आलेली ओल, पडलेले पोपडे यांचा दावा बसत नाही. ती झीज धरतात, ते भांडण सोसायटीशीच. शॉर्टसर्किटमध्ये जळालेला एसी स्वतः भरपाईत येत नाही, त्यातून लागलेल्या आगीचं नुकसान येतं. आणि साधी घरफोडी नाही. चोरी धरतात ती आग, पूर वगैरे घटनेमुळे आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत झालेलीच.

पॅकेज

हाउसहोल्डर्स किंवा होम शील्डसारख्या नावांनी मिळणाऱ्या पॅकेजमध्ये घरफोडी, दागिने, उपकरणांची बिघाड-दुरुस्ती, काच फुटणं, तुमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची जबाबदारी असे भाग असतात. यातला निवृत्त माणसाला खरा कामाचा भाग एकच वाटतो, घरफोडीचा. तोही घर बरेच दिवस बंद राहत असेल तर. उपकरणांच्या बिघाडाला मशिनच्या वयाची अट असते आणि आपल्याकडचं वॉशिंग मशीन सहसा त्या अटीच्या पलीकडचं असतं. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये असतील तर घराच्या पॉलिसीत त्यांच्यासाठी मोठी रक्कम कशाला? बँकेत आग, चोरी किंवा कर्मचाऱ्यांची अफरातफर झाली, तर लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत बँकेची जबाबदारी असते. नैसर्गिक आपत्तीत तीही नाही. तेवढ्यावर मन मानत नसेल तर लॉकरच्या दागिन्यांचा वेगळा विमा विचारा.

| | सोसायटी | गृह रक्षा | पॅकेज |
|---|---|---|---|
| भिंती, छत | हो | हो | बहुधा |
| पूर, वादळ | प्रत बघून ठरवा | हो | बघून घ्या |
| घरातलं सामान | नाही | हो | हो |
| घरफोडी | नाही | नाही | हो, अटींसह |
| खर्च | मेंटेनन्समध्ये | सगळ्यात किफायती | निवडलेल्या भागांप्रमाणे चढतो |

माझं मत विचाराल तर बहुतेक पेन्शनरांनी गृह रक्षा घ्यावी आणि गरज असेल तर तिच्यासोबत फक्त घरफोडीचा भाग जोडता येतो का ते विचारावं. पूर्ण पॅकेज बंगल्यात एकटं राहणाऱ्यांनी बघावं.

मुलांकडे अमेरिकेला किंवा बंगळूरला महिनोन्‌महिने जाणाऱ्यांनी एक प्रश्न एजंटला लेखी विचारावा: घर सलग किती दिवस बंद राहिलं की घरफोडीचं संरक्षण थांबतं? उत्तर ईमेलवर घ्या.

एक वर्ष की दहा वर्षं

गृह रक्षा दहा वर्षांपर्यंत एकदम घेता येते. एकरकमी भरल्यावर सवलत मिळते, दरवर्षी नूतनीकरण लक्षात ठेवायची कटकट जाते आणि मुदतीत विम्याची रक्कम जास्तीचा हप्ता न घेता दरवर्षी १० टक्क्यांनी वाढते, मूळ रकमेच्या दुपटीपर्यंत. निवृत्तीच्या वेळी हातात रक्कम असतेच, त्यामुळे हा सौदा चांगला आहे. पण पुनर्विकासाची चर्चा सुरू असलेल्या इमारतीत वर्षाचीच घ्या. बिल्डरने रिकामी करायला लावलेल्या आणि पाडलेल्या इमारतीचा विमा कशाचा चालणार? तेव्हा भाड्याच्या घरातल्या सामानाचा विमा हवा. घर विकायचं ठरलं तर दीर्घ मुदतीची पॉलिसी रद्द करता येते आणि सुरू न झालेल्या वर्षांचा हप्ता परत मागता येतो.

पागडीच्या खोलीत राहणाऱ्यांनी भिंतींचा विचार सोडून सामानाचाच विमा काढावा. कोकणात किंवा गोव्यात परतून वडिलोपार्जित घरी राहणाऱ्यांना वाटतं, कौलारू म्हणजे कच्चं. तसं नाही. कच्चं बांधकाम म्हणजे बांबू, गवत, झावळ्या, फळ्या, ताडपत्री यांच्या भिंती किंवा छप्पर. चिऱ्याच्या भिंती आणि मंगलोरी कौलं त्या व्याख्येत येत नाहीत. तरी अर्जात छपराचं जसं आहे तसं लिहा, आणि मागची पडवी झापांची असेल तर तीही सांगा. निसर्ग वादळाने ३ जून २०२० ला रायगड-रत्नागिरीत घरांवरची कौलं आणि पत्रे उडवले होते. अशा वेळी अर्जातलं वर्णन आणि नुकसान बघायला येणाऱ्या सर्व्हेअरला दिसणारं घर एकच असलं पाहिजे.

दावा अडला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार. तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतच्या भरपाईचे वाद तिथे चालतात.

पॉलिसी घेताना घर ज्यांच्या नावावर आहे त्या सगळ्यांची नावं घाला. फ्लॅट दोघांचा आणि पॉलिसी एकट्या काकांची, असं ठेवू नका. पॉलिसीधारक गेला तरी मुदत संपेपर्यंत संरक्षण वारसांसाठी चालू राहतं, पण शेअर सर्टिफिकेटवर नाव बदलताना विमा कंपनीलाही मृत्यूच्या दाखल्यासह कळवून पोच घ्यायची.