पॉइंट टू-टू (.22) रायफलचं बॅरल साफ करायला दोरी की रॉड?

50 मीटर रायफल नेमबाजीत स्वतःची रायफल आली की हा प्रश्न येतोच. मी दोन्ही वापरलंय, त्या अनुभवावर लिहितो. प्रत्येक बॅरलचा स्वभाव वेगळा असतो, हे गृहीत धरूनच वाचा.

एनसीसीतून आलेल्यांचा हात आपसूक दोरीकडे जातो, कारण पुल-थ्रू (बॅरलमधून ओढायची साफसफाईची दोरी) आणि चिंधी अंगवळणी पडलेली असते. आजची विणलेली, आत ब्रश गुंफलेली दोरी ही त्याचीच सुधारलेली आवृत्ती. एक-दोनदा ओढली की काम झालं. पुढची डिटेल, म्हणजे नेमबाजांची पुढची तुकडी, मागे उभी असताना याचं मोल कळतं.

अचूकतेच्या बाबतीतही दोरी वाटते तितकी मागे नाही. आपली गोळी शिशाची, वर मेणाचा लेप. बॅरलच्या आत त्या मेणाचा सारखा थर बसला की ग्रुप जमतो, म्हणजे शॉट जवळजवळ पडतात. दोरी हा थर बराचसा राहू देते. रॉडने ढकलायचा, सॉल्व्हंट (मळ विरघळवणारं द्रव) लावलेला फेल्ट, म्हणजे नमद्याचा बोळा, मात्र तो खरवडून नेतो. माझ्या रायफलला रॉडने साफ केल्यावर पहिले दहाएक शॉट भरकटतात, आणि आयात काडतुसांचे भाव पाहता ते जिवावर येतं. मॅचमध्ये तयारी आणि साइटिंगच्या 15 मिनिटांत साइटर (गुणांत न धरले जाणारे शॉट) हवे तेवढे मारता येतात, म्हणून निभावतं. तरी मॅचच्या आदल्या रात्री मी बॅरलला हात लावत नाही. दहाचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचं, तिथे नव्याने थर बसवत बसायला नको.

मग रॉड का? दोरीवरून मन उडालं ते पावसाळ्यात. दोरी दरवेळी मागचा कचरा अंगावर घेऊन पुन्हा आत शिरते. बोटांत धरली की काळी, चिकट, मध्येच कचकच लागते. म्हणून धुवायची, आणि पुण्यातल्या जुलैत ती वाळता वाळत नाही. बाहेरून कोरडी वाटते, पण ब्रशच्या मुळाशी दाबली की ओल बोटाला लागते. ती पोलादी बॅरलमधून ओढायची? आणि न धुता ओढायची तर साफ काय झालं? हा तिढा मला सुटला नाही. फेल्टचं बरं आहे. चेंबरकडून (काडतूस बसतं त्या बाजूने) ढकलायचा, मझलला (बॅरलच्या तोंडाशी) बाहेर आला की काढून टाकायचा, रॉड रिकामा मागे घ्यायचा. दरवेळी नवा, कोरडा फेल्ट.

दुसरी गोष्ट कार्बनच्या कड्याची. चेंबर संपून रायफलिंग (बॅरलच्या आतल्या पिळाच्या खाचा) सुरू होतं तिथे जळकी पावडर, प्राइमरचा मळ आणि मेण मिळून कडक कडं धरतं. बोल्ट (काडतूस आत ढकलून बंद करणारा भाग) शेवटी किंचित अडायला लागला आणि होल्ड (रायफल स्थिर धरणं) चांगला असूनही एखादा शॉट विनाकारण बाहेर जायला लागला, की मी आधी तिथेच पाहतो. दोरी त्यावरून घसरून जाते. सॉल्व्हंटमध्ये भिजवलेला फेल्ट थोडा वेळ तिथेच ठेवला, मग ब्रॉन्झचा ब्रश फिरवला, तर ते सुटतं.

रॉडने बॅरल खराब होतं ही भीती खोटी नाही, पण ती वाकणाऱ्या, जोडाच्या रॉडची. दोरीही तिरकी ओढली तर मझलच्या कडेवर घासतेच. रोजच्या सरावानंतर नुसतं पुसायचं असेल आणि रायफल क्लबची असेल, तर दोरी पुरेल. स्वतःची असेल तर अखंड, लेप दिलेला रॉड घ्या आणि सोबत बोअर गाइड (रॉड सरळ आत नेणारी नळी) घ्याच. त्याशिवाय रॉड मधोमध राहत नाही आणि सॉल्व्हंट खाली ट्रिगरमध्ये उतरतं.