'व्हायरस-फ्री' कार्नेशनची रोपं घेताय? हे आधी वाचा

मावळात पॉलिहाऊस करणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितोय. आम्हाला रोपं देणारा माणूस आता दुसऱ्याच नर्सरीच्या नावाने फिरतोय, असं कानावर आलंय.

दहा गुंठ्यांत कार्नेशनची फुलशेती केली. रोपं 'टिश्यू कल्चरची (लॅबमध्ये वाढवलेली), शंभर टक्के व्हायरस-फ्री', आणि भाव इतरांपेक्षा रोपामागे दोन रुपये कमी. सोबत हॉलंडहून आलेल्या मालाच्या फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटची, म्हणजे माल रोग-किडीमुक्त असल्याच्या सरकारी दाखल्याची झेरॉक्स. सर्टिफिकेट खरं होतं, पण ते आमच्या रोपांचं नव्हतं. तारीख जुनी, आणि त्यावरच्या जातींत आमची लाल जात नव्हतीच.

आलेली रोपं म्हणजे रुजवलेले शेंडे. त्यात गैर काही नाही, कार्नेशनचा सगळा धंदा शेंड्यांवरच चालतो. प्रश्न एवढाच की शेंडा कुठल्या झाडाचा? मदर प्लांटचा, म्हणजे फक्त शेंडे काढण्यासाठी तपासून वाढवलेल्या झाडाचा, की कुणाच्या तरी संपत आलेल्या बेडवरचा? आमच्या ट्रेमधल्या काही शेंड्यांच्या पोटात ज्वारीच्या दाण्याएवढी कळी होती. मदर प्लांट फुलावर येऊ देत नाहीत. पुढे लालमधून मधूनच गुलाबी फुलंही निघाली.

पिंचिंगनंतर (फुटवे यावेत म्हणून शेंडा खुडल्यावर) नवी पानं फिकट पडू लागली. पान उजेडासमोर धरलं की हिरव्यात पिवळसर, कडा नसलेले डाग दिसायचे. लाल कोळी या किडीचे ठिपके अगदी बारीक असतात आणि पानामागे जाळी सापडते. इथे जाळी नव्हती. पहिल्या फ्लशला, म्हणजे पहिल्या बहराला, लाल पाकळ्यांवर फिकट पट्टे आले. थ्रिप्सनेही (फुलकिड्यांनीही) पाकळी पांढुरकी होते, पण खरवडल्यासारखी, आणि फूल पांढऱ्या कागदावर झटकलं की किडे पडतात. आमच्या कागदावर काही पडलं नाही.

विक्रेत्याने येऊन पॉलिहाऊसच्या कीडरोधक नेटला एक भोक शोधून काढलं. "दादा, मावा शिरलाय तुमच्याकडे. व्हायरस मावाच आणतो. रोपं एक नंबर होती." वर 'व्हायरसचं औषध' म्हणून बिनलेबलच्या बाटल्या गळ्यात मारल्या. झाडात शिरलेला व्हायरस फवारणीने जात नाही, हे त्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

एलायझा तपासणीत (कुठला व्हायरस आहे ते सांगणाऱ्या लॅब चाचणीत) आला कार्नेशन मॉटल व्हायरस, आणि तिथेच त्याची थाप उघडी पडली. व्हेन मॉटल, नेक्रॉटिक फ्लेक, एच्ड रिंग हे कार्नेशनचे दुसरे व्हायरस मावा पसरवतो. कार्नेशन मॉटल पसरवणारी कीड मात्र माहीत नाही. तो जातो रसातून: पिंचिंग करणाऱ्या नखांतून, तोडणीच्या कात्रीतून, आणि रोगट झाडाच्या शेंड्यांतून. आमची रोगट झाडं त्या भोकाजवळ नव्हतीच. ती पहिल्यापासून सगळ्या बेडवर विखुरलेली होती, आणि पुढे बायका ज्या बाजूने तोडत जातात त्याच बाजूने ओळीने वाढली. रिपोर्टवर नुसतं 'व्हायरस' एवढंच असतं तर गडी मावा-मावा करत सुटला असता.

मॉटल झाडाला मारत नाही, म्हणून तर तो विकता येतो. ट्रेमध्ये रोप ठणठणीत दिसतं.

पैसे अजून अडकलेत. बियाणं विकत घेणारा शेतकरी ग्राहक ठरतो, म्हणजे ग्राहक कोर्टात जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच सांगितलंय. पण आमच्या चलनावर नुसतं 'फुलझाडे' लिहिलंय, ना जात, ना बॅच. तेव्हा बिलावर जात आणि बॅच नंबर लिहून घ्या, आणि मदर प्लांटचा एलायझा रिपोर्ट व्हायरसच्या नावांसकट मागा. कां कू करणाऱ्याचे ट्रे टेम्पोतून उतरवूच नका.