बसऱ्याहून बेळगाव: कंपनीचं तिकीट घ्यावं की पैसे?

रजा मंजूर झाली की फॉर्मवर खूण करायची असते: तिकीट कंपनीने काढायचं, की तिकिटाचे पैसे पगारासोबत घेऊन आपणच काढायचं. खानापूर, निपाणी, बेळगाव भागातून इराकमधल्या बसऱ्याच्या तेलाच्या कॅम्पांवर नव्याने आलेली मुलं हल्ली हाच प्रश्न विचारतात, आणि बहुतेकांचं मन आधीच पैशांकडे झुकलेलं असतं. मी दोन्ही करून बघितलंय. प्रत्येकाची कंपनी वेगळी, नियम वेगळे, तेव्हा माझं सगळंच तुम्हाला लागू पडेल असं नाही.

पैसे घेण्यात फायदे आहेतच. तारीख आपल्या हातात राहते. गणपतीला पोचायचं असेल तर दोन महिने आधी तिकीट काढून घरी ठामपणे सांगता येतं. कंपनीचं तिकीट निघायच्या दोन-तीन दिवस आधी मेलवर येतं, तोपर्यंत आई रोज फोनवर विचारत राहते आणि आपल्याकडे उत्तर नसतं. दुसरं म्हणजे गोवा. कंपनी बहुधा मुंबईचं तिकीट देते, कारण ते स्वस्त पडतं. स्वतः काढलं तर गोव्याला उतरता येतं. २०२३ च्या जानेवारीत गोव्याचा मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून तर हा मोह वाढलाच आहे. तिथून गाडी केली की साधारण तीन-साडेतीन तासांत बेळगाव. कणकुंबी-जांबोटीकडच्या माणसाचं गाव तर चोर्ला घाटाच्या वाटेवरच लागतं. मुंबईला उतरून रात्रभर हायवेने बेळगाव गाठायचं त्यापेक्षा हे कुणालाही बरंच वाटणार. आणि बसरा-दुबई एक, दुबई-गोवा दुसरं अशी दोन तिकिटं काढली की थोडे पैसेही उरतात.

एवढं असूनही मी आता कंपनीच्या तिकिटावरच खूण करतो. कारण एकच: मूव्हमेंट, म्हणजे कॅम्पाबाहेर ने-आण करायची व्यवस्था.

कॅम्प ते विमानतळ हा रस्ता आपण टॅक्सी करून जात नाही. सिक्युरिटीवाल्यांच्या गाड्या ठरलेल्या वेळी सुटतात आणि यादी आदल्या दिवशी पक्की होते: नाव, पासपोर्ट, विमानाचा नंबर. कंपनीचं तिकीट असेल तर विमानाची वेळ बदलल्याचा निरोप ट्रॅव्हल डेस्कला जातो, ते सिक्युरिटीला कळवतात, आपल्याला फक्त नवी वेळ समजते. स्वतःच्या तिकिटाचा निरोप येतो फक्त आपल्या मोबाईलवर. दुपारचं विमान सकाळी सातचं झालं, की आपण आधी सिक्युरिटीकडे धावतो. ते म्हणतात, ट्रॅव्हलचा मेल आणा. ट्रॅव्हलवाले म्हणतात, हे तिकीट आमचं नाही, कॅम्प बॉसची सही आणा. त्यात शुक्रवार-शनिवार असेल तर ऑफिसात कुणी भेटत नाही. यात कुणी वाईट वागतं असंही नाही, आपलं तिकीट त्यांच्या कुठल्याच कागदावर नसतं एवढंच. पण बॅग भरून, अंघोळ करून, घरी निघालो म्हणून सांगून झाल्यावर रात्री अकरा वाजता एका सहीसाठी कॅम्पातल्या एका कंटेनर-खोलीतून दुसरीत फिरणं मला नको वाटतं. तिकिटावर वाचलेले पैसे मला त्या रात्रीपुढे फार थोडे वाटले.

ही झाली रोजच्या दिवसांतली गोष्ट. २०२५ च्या जूनमध्ये, १३ तारखेला इस्रायलने इराणवर हल्ला केला आणि इराकचं आकाश बंद झालं. आमच्या कॅम्पातल्या खानापूरकडच्या एका मुलाची अशीच दोन तिकिटं होती. बसऱ्याचं विमान रद्द झालं, त्याचे पैसे त्याला परत मिळाले. पण दुबईहून गोव्याचं विमान ठरल्या वेळी उडालं, आणि त्या विमान कंपनीच्या लेखी हा प्रवासी आलाच नाही. ते पैसे गेले. माझं कंपनीचं एकच तिकीट होतं. उशीर मलाही झाला, पण पुढचा मागचा दोन्ही प्रवास एकत्र सरकला. भारताचा दूतावास बगदादला आणि कॉन्सुलेट एर्बिलला आहे, बसऱ्यात नाही. आणि बगदाद बसऱ्याहून ५०० किलोमीटरहून लांब. अशा वेळी आपली नावं ज्यांच्या यादीत आहेत अशी जवळची माणसं म्हणजे कंपनीचीच.

दोन तिकिटांत बॅगेचाही घोळ आहे. बसऱ्याला टाकलेली बॅग सहसा थेट गोव्याला जात नाही, ती दुबईला बाहेर जाऊन उचलावी लागते. बाहेर जायला व्हिसा हवा, आणि इराकच्या रेसिडेन्सीवर आपल्याला तिथे पोचल्यावर व्हिसा मिळत नाही. हातातल्या सात किलोंवर घरी जायची तयारी असेल तरच ते जमतं.

तरी पैसेच घ्यायचे असतील तर निदान एकाच तिकिटावर घर गाठा. कतार एअरवेज २०२४ च्या जूनपासून गोव्याच्या जुन्या डाबोळी विमानतळाऐवजी मोपाला उतरू लागली, बसऱ्यालाही तिची विमानं जात आली आहेत. २०२५ च्या त्याच जूनमध्ये, २३ तारखेला, कतारनेही काही तास आकाश बंद केलं होतं हे खरं. पण एका तिकिटावरच्या माणसाला पुढे पोचवायची जबाबदारी विमान कंपनीकडे राहते. किंवा मी सुचवेन ते करून बघा: खूण कंपनीच्या तिकिटावरच करा आणि खाली लिहा, गोव्याचं द्या, वरचा फरक पगारातून कापा. काही कंपन्या हे ऐकतात. ऐकलं तर मूव्हमेंटही त्यांची आणि चोर्लाही आपला. पावसाळ्यात मात्र रस्त्याची चौकशी करूनच घाटात शिरा.

मुंबईच मिळाली तर डिसेंबरात जपून. बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा सांबऱ्याची, म्हणजे बेळगावच्या विमानतळाची, विमानं आणि हॉटेलं भरलेली असतात, सीमाप्रश्नही तापतो. २०२२ च्या डिसेंबरात आणि २०२५ च्या फेब्रुवारीत दोन्ही राज्यांच्या एसटी थांबल्या होत्या. त्या दिवसांत मी एसटीच्या भरवशावर राहत नाही. दादरहून रात्री सुटून पुणे-मिरजमार्गे बेळगावला जाणारी गाडी कोणत्या वारी आहे ते बघतो आणि कंपनीला रजेची तारीख त्या हिशोबाने मागतो.