गावाचे अक्षांश-रेखांश: यादी, नकाशा, फोन की जुनी टोपोशीट?

नागपूरचे अक्षांश-रेखांश शोधले की बहुतेक ठिकाणी २१.१४५८ उत्तर, ७९.०८८२ पूर्व असं उत्तर येतं. हा बिंदू रेल्वे स्टेशनच्या दक्षिणेला साधारण पाऊण किलोमीटरवर पडतो. लहानपणी आपल्याला बोट धरून दाखवलेला झिरो माईलचा, म्हणजे अंतरं मोजण्याचा, खांब तिथून वायव्येला, जवळजवळ किलोमीटरभर दूर. दोन्ही नागपूरच. शहराचं असं चालून जातं. पण पन्नास घरांच्या गावाचा बिंदू किलोमीटरभर सरकला तर तो दुसऱ्या गावाच्या शिवारात जाऊन बसतो. म्हणून आकडा कुठून घ्यायचा हे ठरवण्याआधी तो कशासाठी हवाय, आणि गाव म्हणजे नेमकी कोणती जागा, हे ठरवावं.

कुंडलीसाठी हवा असेल तर गावांच्या छापील किंवा इंटरनेटवरच्या यादीतला तयार आकडा घ्या आणि मोकळे व्हा. एक अंश रेखांश म्हणजे वेळेत ४ मिनिटं. आपल्या अक्षांशावर एका किलोमीटरची चूक झाली तर फरक पडतो सुमारे २.३ सेकंदांचा, आणि दवाखान्याच्या कागदावरची जन्मवेळ तरी कुठे सेकंदापर्यंत लिहिलेली असते? फक्त काटोलला जन्मलेल्या मुलासाठी ‘जवळचं शहर’ म्हणून नागपूर टाकू नका. तिथे अर्ध्या अंशाचा फरक आहे, म्हणजे २ मिनिटं. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, त्यामुळे नागपूरची स्थानिक वेळ घड्याळाच्या साडेतेरा मिनिटं मागेच चालते, हेही पंचांग बघणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

यादीतल्या आकड्याचा खरा धोका लिहिण्याच्या पद्धतीत आहे. नागपूरचा तोच बिंदू अंश-मिनिट-सेकंदांत २१°०८′४५″, ७९°०५′१७″ असा लिहितात. कुणी घाईत तो २१.०८४५, ७९.०५१७ असा टाकला, तर आपण स्टेशनजवळून उठून जवळजवळ आठ किलोमीटर नैर्ऋत्येला, थेट सोनेगावच्या विमानतळाच्या परिसरात पोचतो. आकडा खरा वाटतो, नागपुरातलाच असतो, म्हणून चूक सापडतही नाही. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशांत मिळवायचं, एवढंच गणित आहे. ते दरवेळी कागदावर करा.

घरबसल्या नकाशावरून काढणं यादीपेक्षा कितीतरी बरं. गूगल मॅप्सवर बोट दाबून धरलं की आकडा येतो. इस्रोचं ‘भुवन’ हे नकाशांचं संकेतस्थळही त्यासाठी चांगलं आहे. मात्र गावाच्या नावाची पाटी जिथे दिसते तिथे बोट ठेवू नका. ती पाटी कधी गावठाणावर असते, कधी शेतात. शिवाय वडगाव, पिंपळगाव अशी नावं महाराष्ट्रात ढिगानं आहेत. उपग्रहाच्या चित्रात आपलं छप्पर, देऊळ, तळं ओळखा आणि त्यावर बोट ठेवा. पुण्या-मुंबईला राहणाऱ्या माणसाला एवढं पुरेसं आहे.

गावी जाणं शक्य असेल तर मात्र मी फोन हातात घेऊन स्वतः उभं राहण्याच्याच बाजूचा आहे. मोकळ्या आभाळाखाली साधा फोन ५ मीटरच्या आसपास जागा सांगतो. कडुनिंबाखाली किंवा वाड्याच्या बोळीत तो भरकटतो, म्हणून पारासमोर उघड्यावर यावं, मिनिटभर थांबावं, निळ्या ठिपक्याभोवतीचं वर्तुळ आवळलं की आकडा उतरवावा. दशांशानंतर पाच अंक बस झाले. चौथा अंक ११ मीटर सांगतो, पाचवा एक मीटर. त्यापुढचे अंक नुसती सजावट. आणि आकड्यासोबत ‘मारुतीच्या पायरीवर’ असं लिहून ठेवा. पुढच्या पिढीला नुसत्या आकड्यावरून ते कळणार नाही.

पण ज्यांच्या गावात उभं राहायला जमीनच उरली नाही, त्यांनी काय करायचं? माझं आजोळ कुही तालुक्यातलं, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. आजच्या नकाशात ते नाव पुनर्वसनाच्या वसाहतीवर आहे. यादीतही तोच आकडा. मामाला तो दाखवला तर म्हणाला, “हे आपलं गाव नोहे, ही आपली कॉलनी आहे.”

इथे बाकी सगळे मार्ग संपतात आणि सर्वे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीट, म्हणजे गावं-देवळं दाखवणारा तपशीलवार छापील नकाशा, कामी येते. ज्या मोजणीवर हे नकाशे उभे आहेत ती १८०२ मध्ये मद्रासला सुरू करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्याच हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथे आहे. कॉलेजांच्या भूगोल विभागात प्रात्यक्षिकांसाठी जुन्या शीट जपून ठेवलेल्या असतात. नागपूर शहर ५५ ओ/४ क्रमांकाच्या शीटवर येतं, नागपूरजवळच्या गावाची शीट शेजारची असेल. धरणाआधीची आवृत्ती मागा. मी मागितली, तेव्हा घड्या पडलेल्या कागदावर तांबड्या ठिपक्यांचं आजोळ आणि देवळाची खूण समोर आली.

मोजायला साधी पट्टी लागते. १:५०,००० च्या शीटवर ५-५ मिनिटांच्या खुणा असतात. आपल्याकडे अक्षांशाच्या १ मिनिटाला कागदावर साधारण ३.७ सेंमी, रेखांशाच्या १ मिनिटाला ३.५ सेंमी. पट्टीवरचा १ मिमी म्हणजे जमिनीवर ५० मीटर, तेव्हा पेन्सिल बारीक हवी. एक अडचण आहे: जुन्या शीट जॉर्ज एव्हरेस्टने १८३० मध्ये धरलेल्या पृथ्वीच्या मापावर आहेत, फोन डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मापावर. दोघांत शंभराहून जास्त मीटरचा फरक पडतो. त्यावर उपाय असा, की बुडितात न गेलेलं एखादं टेकडीवरचं देऊळ शीटवरही मोजा, फोनवरही बघा, आणि जो फरक येईल तोच आपल्या आकड्याला लावा. दोन-तीन ठिकाणं घेतली तर अजून खात्री होते.

तो दुरुस्त आकडा घेऊन गेल्या मे महिन्यात आम्ही काठावर गेलो. फोनने पाण्याच्या दिशेला सहाशे मीटर दाखवले. मामा चप्पल काढून उभा होता. म्हणाला, “देवळाच्या उगवतीले आपली विहीर होती. तिचाबी आकडा काढ.”