संसदीय की अध्यक्षीय?

देशाला संसदीय शासनपद्धत बरी की अध्यक्षीय, या विषयावरच्या वक्तृत्व स्पर्धेत कोणती बाजू घ्यावी, या पेचात पुतणी पडली आहे.

स्थैर्यात अमेरिकेची अध्यक्षीय पद्धत सरस. तिथं सिनेटच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या, दोन तृतीयांश मतांशिवाय अध्यक्षाला हटवण्याचा महाभियोग सिद्ध होत नाही. आजवर एकही अध्यक्ष तसा हटलेला नाही. आपल्याकडे १७ एप्रिल १९९९ रोजी २६९ विरुद्ध २७०, एका मतानं वाजपेयी सरकार पडलं.

जबाबदारीत मात्र आपलीच संसदीय पद्धत मला मनापासून पटते. प्रश्नोत्तराच्या तासाला मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. बाबासाहेबांनी १९४८ साली संविधान सभेत स्थैर्यापेक्षा जबाबदारीलाच झुकतं माप दिलं होतं.

सरकारवर अंकुश? बहुमतातलं सरकार असलं की आपली संसद सहसा त्याच्याच मागे. पक्षादेश मोडला तर खासदारकीच धोक्यात. अमेरिकी काँग्रेस, म्हणजे तिथलं कायदेमंडळ, मात्र सरकारचा पैसा अडवू शकते.

रोज जाब विचारायचा असेल तर संसदीय, कायदेमंडळ सरकारपासून वेगळं हवं असेल तर अध्यक्षीय.