मोठ्या कारखान्याची लाइन की जॉबवर्कचे वर्कशॉप : मशीन ऑपरेटरची पहिली नोकरी निवडताना

आयटीआयमधून टर्नर किंवा मशिनिस्ट हा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करून पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात कामाला येणाऱ्या तरुणासमोर साधारणपणे दोन प्रकारच्या जागा असतात. पहिली जागा चाकण, रांजणगाव किंवा तळेगावकडच्या एखाद्या मोठ्या कारखान्यातील उत्पादन लाइनवरची असते. दुसरी असते भोसरीच्या एखाद्या गाळ्यात पाच-सहा सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारी लेथ) आणि एक-दोन व्हीएमसी (तशीच, फिरत्या टूलने कापणारी मिलिंग मशीन) टाकून मोठ्या कारखान्यांचे सुटे भाग करून देणाऱ्या वर्कशॉपमधली. दोन्हीकडे हुद्दा ‘मशीन ऑपरेटर’ हाच असतो, त्यामुळे बहुतेक मुले हातात किती पडणार एवढेच विचारून निर्णय घेतात. मी दोन्हीकडे काम केलेले आहे, आधी लाइनवर आणि नंतर बरीच वर्षे वर्कशॉपमध्ये, आणि आता सेटर, म्हणजे मशीनवर टूल आणि माप बसवून देणारा, म्हणून नव्या मुलांना मशीनवर उभे करण्याचे काम माझ्याकडे आहे. माझा कल कुठे आहे हे पुढे लपून राहणार नाही, पण तो कोणत्या अटींवर आहे हेही वाचणाऱ्याने पाहावे.

प्रत्यक्ष काम काय असते

लाइनवर एका ऑपरेटरकडे एक किंवा दोन मशीन आणि बहुधा एकच पार्ट असतो. समजा, एखाद्या गिअर ब्लँकचे (दाते पाडण्यापूर्वीच्या गिअरचे) फेसिंग, म्हणजे तोंड सपाट करणे, आणि बोअरिंग, म्हणजे भोक मापात आणणे, हे काम आहे, मशीनचा सायकल टाइम ८५ सेकंद आहे आणि नग काढून नवा लावण्यास २० सेकंद लागतात. जेवण आणि चहाची सुट्टी वजा जाता पाळीचे सात तास हाती राहतात, म्हणजे कुठेही अडथळा न आल्यास २४० नग. हा आकडा मशीनजवळच्या फलकावर तासागणिक लिहावा लागतो आणि कमी पडला तर शेजारच्या रकान्यात कारणही लिहावे लागते. ऑपरेटर नग लावतो, दरवाजा बंद करतो, सायकल स्टार्टचे बटण दाबतो, ठरलेल्या अंतराने एक नग उचलून प्लग गेजने (भोकात घालून पाहायच्या मापाच्या दांड्याने) तपासतो. गेजची ‘गो’ बाजू आत गेली नाही किंवा ‘नो गो’ बाजू आत गेली तर त्याने मशीन थांबवून सेटरला बोलवायचे असते. प्रोग्रामला कुलूप असते आणि अनेक ठिकाणी ऑफसेटच्या, म्हणजे टूलच्या मापाची दुरुस्ती टाकण्याच्या, पडद्यावरील पानालाही असते.

वर्कशॉपमध्ये आज ईएन ८ पोलादाच्या चाळीस शाफ्ट असतात, उद्या अॅल्युमिनियमचे हाउसिंग येते, आणि परवा कोणाच्या तरी बंद पडलेल्या मशीनचा एकच बुश घेऊन माणूस दारात उभा असतो. ड्रॉइंग वाचणे, नग पकडणाऱ्या चकला सॉफ्ट जॉ (मऊ जबडे) लावून ते बोअर करणे, टूल बांधणे, वर्क झीरो (मापाचा आरंभबिंदू) घेणे, प्रोग्राममध्ये दोन ओळी बदलणे, पहिला नग काढून मोजणे हे सगळे त्याच माणसाकडे येते, आणि संध्याकाळी टेम्पोत माल भरायलाही त्यालाच हाक मारतात. पहिले सहा महिने यांपैकी बहुतेक कामे त्याला येत नाहीत आणि शिकवायला कोणाला वेळही नसतो. जुना ऑपरेटर करतो ते पाहून शिकावे लागते, आणि तो जुना माणूस हातचे राखणारा निघाला तर वर्षभर चिप (धातूचा कीस) साफ करण्यात जाते. वर्कशॉपची शिफारस करताना हा धोका मी मोठा मानतो.

ऑफसेटचे पान कोणाच्या हातात

सीएनसीवर कारागिरी कुठे आहे असे कोणी विचारले तर मी वेअर (झिजेच्या) ऑफसेटच्या पानाकडे बोट दाखवीन. ड्रॉइंगवरचा २५ एच ७ चा बोअर (भोक) म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर. नगामागून नग जाताना इन्सर्टची (टूलच्या टोकाला बसवलेल्या कापणाऱ्या तुकड्याची) धार झिजते, बोअर लहान येऊ लागतो, आणि बोअर गेजवर २५.००३ दिसू लागले की माणसाने ऑफसेटमध्ये सात-आठ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) टाकून माप पुन्हा मध्यावर आणायचे असते. किती टाकायचे, केव्हा टाकायचे आणि केव्हा न टाकता इन्सर्टच बदलायचा, हे पुस्तकात लिहिलेले असले तरी हातात यायला काळ लागतो.

मला ते नुकसान करून आले. वर्कशॉपमधल्या एका रात्रपाळीत ६० एच ६ (शाफ्टसाठीचा, लहान लिपीतला एच) चा, म्हणजे बाहेरून ५९.९८१ ते ६०.००० मध्ये बसवायचा शाफ्ट माझ्याकडे होता आणि कूलंटचा पंप बिघडल्यामुळे फिनिशिंग कोरडेच चालू होते. मशीनमधून काढलेला नग मी लगेच मायक्रोमीटरने मोजला. माप ५९.९९७ आले. वरच्या टोकाजवळ आहे असे वाटून मी आठ मायक्रॉन खाली घेतले आणि निश्चिंत झालो. नग हाताला गरम लागत होता, पण त्याचा मापाशी संबंध माझ्या डोक्यात आला नाही. पोलाद दर मीटरला दर अंश सेल्सिअसमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन प्रसरण पावते, म्हणजे ६० मिलिमीटरचा शाफ्ट वीस अंशांनी तापलेला असेल तर तो जवळजवळ चौदा मायक्रॉनने मोठा मोजला जातो. थंड झाल्यावर तो मुळात ५९.९८३ चा, म्हणजे जेमतेम मर्यादेत असणारा नग होता, आणि मी त्याच्या पुढचे सगळे ५९.९७५ वर नेऊन ठेवले. सकाळी बारा नग अंडरसाइज निघाले. मालक ओरडले नाहीत. त्यांनी ते बारा नग माझ्या मशीनसमोरच्या मांडणीवर ओळीने लावले आणि आठवडाभर तेथून हलवू दिले नाहीत.

लाइनवर माझ्या हातून ही चूक झालीच नसती, कारण तेथे नग धुऊन, थंड होऊ देऊन मोजण्याची पद्धत ठरलेली असते, आणि शंका आल्यास २० अंश सेल्सिअसला राखलेल्या स्टँडर्ड रूममध्ये तो पाठवला जातो. ऑफसेट मला टाकताही आले नसते. नवशिक्याला हे संरक्षण मोठेच वाटते. परंतु तीन वर्षे लाइनवर काढलेला मुलगा आमच्याकडे येतो तेव्हा त्याला नग लावणे विलक्षण सफाईने येते, गेजची शिस्त उत्तम असते, आणि ‘हे माप दहा मायक्रॉनने मोठे येत आहे, काय करशील?’ असे विचारले तर तो मागे वळून सेटरला शोधू लागतो. तेथे त्याला कोणी तशी मुभाच दिलेली नसते. नग लावण्या-काढण्याचेच काम गॅन्ट्री (मशीनच्या वरून सरकत नग उचलणारी यंत्रणा) आणि रोबोकडे जात असताना एवढ्याच कौशल्यावर पुढची तीस वर्षे काढता येतील का, याचा विचार मात्र त्याचा त्याने केला पाहिजे.

पैसा, ब्रेक आणि भविष्यनिर्वाह निधी

मोठ्या कारखान्यात गेलो म्हणजे त्या कारखान्याचा कामगार झालो, असा गावाकडे समज असतो. प्रत्यक्षात एकाच लाइनवर कायम कामगार, ठेकेदारामार्फत आलेला कामगार आणि अॅप्रेंटिस शेजारी शेजारी उभे असतात, तिघांचे काम जवळपास सारखे असते आणि तिघांचे पैसे सारखे नसतात. नव्या मुलाला पहिली जागा बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारची मिळते. तात्पुरत्या कामगाराला सात महिन्यांनी ‘ब्रेक’ देण्याची, म्हणजे कामावरून कमी करण्याची, पुण्याच्या पट्ट्यातील जुनी रीत २४० दिवसांच्या सलग सेवेशी जोडलेली आहे, कारण तेवढे दिवस भरले की कायम करण्याचा हक्क सांगता येत असे. ब्रेकनंतर दुसऱ्या कारखान्यात, दुसऱ्या पार्टवर, पुन्हा नवखा म्हणून उभे राहावे लागते. अशा चार ब्रेकमध्ये अडीच-तीन वर्षे निघून गेलेली मुले मी पाहिली आहेत. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांनी ठरावीक मुदतीच्या कामगारालाही एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे आणि नेमणूकपत्र सक्तीचे केले आहे, तेव्हा ते मागताना संकोच बाळगण्याचे कारण नाही.

तरीही कागदोपत्री व्यवहारात मोठा कारखाना निःसंशय पुढे आहे. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला आणि कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) दहा किंवा अधिक कामगारांना लागू होते. आठ-नऊ माणसांचे वर्कशॉप या दोन्हींच्या बाहेर राहू शकते, आणि बावीस माणसांच्या वर्कशॉपच्या हजेरीपटावर अठराच नावे आढळतात. राज्य विम्यासाठी कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. २१,००० रुपयांपर्यंत मासिक वेतन असलेल्यांना ही योजना लागू आहे. तरुण मुलांना ही कपात नकोशी वाटते, पण बोट चकमध्ये सापडून दीड महिना घरी बसावे लागले की तिची किंमत समजते. जादा कामाला दुप्पट दर ही १९४८ च्या कारखाने कायद्यातील तरतूद नव्या संहितेतही कायम आहे. मोठ्या कारखान्यात कायम कामगाराला ती बहुधा मिळते. वर्कशॉपमध्ये बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात आणि वरच्या चार तासांचे पैसे अनेकदा एकेरी दराने हातात ठेवले जातात. मालकाला विचारल्यावर ‘आपल्याकडे असंच असतं’ हे उत्तर मी स्वतः ऐकलेले आहे.

हातात पडणाऱ्या आकड्यातून राहण्याचा खर्च वजा केल्याशिवाय तुलना खरी होत नाही. मोठ्या कारखान्याची बस आणि कँटीन यांमुळे महिन्याचा बराच पैसा वाचतो, तर भोसरीत कॉट बेसिसवर (खोलीतल्या एका खाटेच्या भाड्यावर) जागा घेऊन खाणावळीचा डबा लावला की वर्कशॉपचा बरा दिसणारा पगार आखडतो. कोल्हापूरकडे शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीजवळ घर असलेल्या मुलाने तर पुण्याचा विचार करण्यापूर्वी तेथील मशीन शॉप पाहावीत. फाउंड्रीचे कास्टिंग (ओतीव भाग) मशीनवर कापून मापात आणण्याचे काम धुळीचे असले तरी घरचे जेवण आणि स्वतःचे छप्पर यांचा हिशेब त्यात धरला पाहिजे.

शरीराची बाजू

सुरक्षिततेत दोन्हींची बरोबरी होऊ शकत नाही. लाइनवर बूट आणि चष्म्याशिवाय आत सोडत नाहीत, दरवाजा उघडा असताना स्पिंडल फिरत नाही, आणि पॉवर प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची बटणे असतात. वर्कशॉपमध्ये नगामागे चार सेकंद वाचावेत म्हणून दरवाजाच्या इंटरलॉकमध्ये सुटी चावी खोचून ठेवलेली दिसते, आणि फिरत्या नगाला हाताने एमरी पेपर लावणारा माणूस तेथे कुशल समजला जातो. हातमोजे घालून फिरत्या चकजवळ जाऊ नये एवढी साधी गोष्टही सगळीकडे सांगितली जात नाही. कूलंट वेळेवर न बदलल्यामुळे बोटांच्या बेचक्यांत येणारी खाज ही तर वर्कशॉपची ओळखच आहे. मुलींच्या बाबतीत मी फार विचार न करता मोठा कारखाना सांगतो. जाण्या-येण्याची बस, स्वच्छतागृह आणि तक्रार ऐकणारी समिती या गोष्टी लहान गाळ्यात क्वचितच असतात.

लाइनवर वेगळा त्रास होतो. दर आठवड्याला पाळी बदलते, रात्रपाळीची झोप दिवसा कॉट बेसिसच्या खोलीत पुरी होत नाही, आणि एकच हालचाल दिवसातून २४० वेळा केल्यावर उजवा खांदा वर्षभरात बोलू लागतो.

मग कोणी काय घ्यावे

ज्याच्या घरी त्याच्या पगाराची तातडीने गरज आहे, ज्याला राज्य विमा हवा आहे किंवा कायम होण्याची शक्यता ज्याला खरोखर दिसते आहे, त्याने लाइन घ्यावी. ज्याला पुढे सेटर किंवा प्रोग्रामर व्हायचे आहे, त्याला मी एक वर्ष मोठ्या कारखान्यात अॅप्रेंटिस म्हणून काढण्यास सांगतो, कारण मोजण्याची शिस्त आणि राष्ट्रीय अॅप्रेंटिसशिपचे प्रमाणपत्र या दोन गोष्टी तेथे मिळतात. ब्रेकच्या चक्रात शिरण्याआधी मात्र त्याने बाहेर पडावे. त्यानंतर तीस ते साठ माणसांचे, भविष्यनिर्वाह निधी भरणारे आणि महिन्याला निदान दहा-बारा वेगवेगळे पार्ट करणारे वर्कशॉप शोधावे. आठ माणसांच्या गाळ्यात काम झपाट्याने शिकायला मिळते हे खरे आहे, परंतु तेथील चुकीची किंमत कधी कधी बोटांनी मोजावी लागते. मधल्या काळात प्रोग्रामिंगची बाजू पक्की करायची असल्यास छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थेतील अल्पमुदतीचा सीएनसी अभ्यासक्रम उपयोगी पडतो. गल्लीतील ‘हमखास नोकरी’वाल्या वर्गांपेक्षा तो पैसा सत्कारणी लागतो.

मुलाखतीला गेल्यावर ऑफिसमधल्या खुर्चीवर बसूनच परत येऊ नये. शॉप फ्लोअर पाहायला मागावा. मायक्रोमीटर पेटीत आहेत की चिपच्या ट्रेमध्ये पडले आहेत, मशीनजवळ ड्रॉइंग लावलेले आहे की तोंडी मापावर काम चालले आहे, आणि चालू मशीनवरचा ऑपरेटर ऑफसेट स्वतः टाकतो की कोणाला हाक मारतो, हे पाच मिनिटांत दिसते. गेल्या वर्षी आमच्या ओळखीचा एक मुलगा अशा पाहणीवरून परत आला आणि त्याने मला पगाराचा चांगला आकडा सांगितला. मी त्याला सीएनसीच्या दरवाजाविषयी विचारले. तीनही मशीनचे दरवाजे दोरीने उघडे बांधलेले होते, असे तो म्हणाला. मी त्याला दुसरीकडे पाहायला सांगितले.